फिलर गेज, आठ महिन्यांनंतर: पत्त्या चोख, आकडे गायब

खंबाटकी चढताना गाडीने तिसऱ्यांदा झटके दिले, त्याच आठवड्यात हे फिलर गेज, म्हणजे बारीक फट मोजायच्या पातळ पत्त्यांचा जुडगा, घेतलं. गॅरेजवाल्याने कार्ब्युरेटर खोलायचे चौदाशे सांगितले होते. ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग काढून बघायची तसदीही त्याने घेतली नव्हती. गेज पडलं १३० रुपयांना, तेरा पत्त्या, ०.०५ ते १.०० मिमी.

गाडीच्या पुस्तकात प्लगचा गॅप, म्हणजे त्याच्या दोन दांड्यांमधली फट, ०.८ ते ०.९ मिमी. माझ्या प्लगमध्ये १.०० ची पत्ती सैल खेळत होती! एवढी फट ओलांडायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, आणि चढावर थ्रॉटल पिळला की सिलिंडरमधला दाब वाढून ते आणखीच वाढतं. म्हणूनच सपाटीला गाडी गरीब गाय आणि घाटात मिसिंग, म्हणजे ठिणगी चुकून झटके. बाहेरची वाकडी दांडी लाकडावर हलकेच ठोकत गेलो, ०.८० ची पत्ती जराशी अडकत सरकेपर्यंत. मधल्या दांडीला हात लावू नका, चिनीमाती तडकते. बसवताना आटे आधी हाताने धरवा, मग पाना. प्लग बसतो ते इंजिनाचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं, मऊ असतं, आटे लगेच खराब होतात. चौदाशे वाचले. तेव्हा लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते.

आता आकड्यांबद्दल. ते कोरलेले नाहीत, नुसते छापलेत. पेट्रोलच्या फडक्याने दोनदा पुसलं आणि ०.७० ते ०.९० सफाचट, म्हणजे नेमके लागतात तेच! तरी शेवटून मोजून ओळखता यायचं. मग टोकाचा नट ढिला झाला, पत्त्या फरशीवर, आणि तोही क्रम गेला. शेवटी ओळखीच्या लेथवाल्याच्या मायक्रोमीटरवर एकेक पत्ती मोजली आणि कानशीने खुणा केल्या: ०.८० ला एक खाच, ०.९० ला दोन. १३० रुपये मोजून आकडे मीच कोरायचे?

दिवाळीनंतर मिसिंग परत. पत्ती ०.८० बरोबर दाखवतेय, गाडी झटके देतेय. गेजला मनसोक्त शिव्या घातल्या. लेथवाल्याने प्लग उजेडात धरला आणि हसला. बाहेरच्या दांडीला आतून खळगा पडला होता. सपाट पत्ती खळग्याच्या काठांवर टेकते, खालची खोली तिला कळतच नाही. खरी फट मोठी. तिथे तारेचं गेज हवं. थोडक्यात, शिव्या चुकीच्या पत्त्यावर गेल्या. झिजलेला प्लग ठोकून ठोकून वापरायचा हट्ट माझाच होता.

नवा प्लग शंभर-सव्वाशेत आला. एनजीके कंपनीच्या प्लगच्या नंबरात शेवटी -९ असलं तर गॅप ०.९ चा असतो, तरी बसवायच्या आधी मोजाच. खोका हातातून पडला असेल तर दांडी दबलेली असते. नवा प्लग सपाट असतो, त्यामुळे तिथे हे गेज खरं बोलतं. टॅपेटची, म्हणजे इंजिनाच्या झडपांजवळची, फट मोजायलाही याच्याच पातळ पत्त्या वापरतो, म्हणून फेकलेलं नाही. आकड्यांचा मात्र एक तारा कापलाय, आणि नटाचा अर्धा.