डब्यावर २०० वॅट, प्रत्यक्षात ५०: गाडीचे लाइट बसवताना झालेली फसवणूक

गाडीला जादा लाइट बसवून घ्यायचा विचार असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. कोल्हापुरातल्या एका ॲक्सेसरीच्या दुकानाने हेडलाइटचे एलईडी बल्ब, प्रोजेक्टर फॉग लॅम्प (भिंगातून उजेड टाकणारे, धुक्यासाठीचे जादा लाइट) आणि वायरिंगचं किट असं मिळून माझ्याकडून साडेचौदा हजार रुपये घेतले. त्यातली एकही वस्तू सांगितली तशी निघाली नाही. पैसे गेल्याचा राग आहेच. पण ते लाइट समोरून येणाऱ्यांचे डोळे दिपवत होते आणि बॉनेटखाली आग लागण्याची सगळी तयारी करून ठेवली होती, याचा राग जास्त आहे.

माझं माहेर सावंतवाडीचं, त्यामुळे आजरा-आंबोली हा रस्ता नेहमीचा. जुलै-ऑगस्टात आंबोलीत धुकं असं उतरतं की रस्त्यावरचा पांढरा पट्टासुद्धा दिसेनासा होतो. गाडी वॅगनआर. तिला एच-४ हॅलोजनचे बल्ब, अप्परला ६० वॅट आणि डिप्परला ५५. घाटात उजेड कमी पडतो म्हणून दुकानात गेले.

दुकानदाराने काउंटरवरच्या बोर्डावर दोन्ही बल्ब लावून दाखवले. एकीकडे जुना हॅलोजन, दुसरीकडे त्याचा एलईडी. पांढराशुभ्र उजेड, बघवत नव्हता. "ताई, डोळे झाकून घ्या. जोडी २०० वॅटची आहे, २० हजार लुमेन. आरटीओ ॲप्रूव्ह्ड माल आहे, कोण अडवणार नाही," असं तो म्हणाला. डब्यावर हे सगळं इंग्रजीत छापलेलंही होतं. लुमेन म्हणजे बल्बमधून निघणाऱ्या उजेडाचं माप. फॉगसाठी पिवळा-पांढरा असे दोन्ही रंग देणारे प्रोजेक्टर दाखवले आणि "पिवळा धुकं कापतो" म्हणून सांगितलं. वायरिंगला रिले किट वेगळं, त्याचे बाराशे. रिले म्हणजे डॅशबोर्डच्या स्विचच्या इशाऱ्यावर बॅटरीचा करंट थेट लाइटला देणारा जोड, म्हणजे स्विचवर भार येत नाही. सगळ्यावर दोन वर्षांची वॉरंटी, तीही तोंडी.

पहिल्याच धुक्यात आंबोलीला समोरचा प्रत्येक ट्रक आणि एसटी अप्पर-डिप्पर मारत होती. मी डिप्परवरच होते. माझ्यापुढे रस्ता दिसायच्या ऐवजी पांढरी भिंत उभी होती. फॉग लावले तर ती भिंत आणखी जवळ आली. एका वळणावर समोरचा दुचाकीवाला डोळ्यांवर हात धरून कडेला थांबलेला दिसला, तेव्हा मी फॉग बंद केले आणि हळूहळू खाली उतरले.

परत आल्यावर आमच्या गल्लीतल्या इलेक्ट्रिशियन काकांकडे गाडी नेली. ते चाळीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करतात. त्यांनी आधी काही खोललं नाही. "पोरी, आधी उजेड कुठं पडतोय ते बघू," म्हणाले आणि रात्री गाडी शाळेच्या कंपाउंडच्या भिंतीसमोर दहा मीटरवर उभी करायला लावली.

हेडलाइटच्या डिप्परचा उजेड वरून कापल्यासारखा हवा. दहा मीटरवर ती वरची कड लाइटच्या उंचीपेक्षा साधारण दहा सेंटीमीटर खाली पडायला हवी, आणि आपल्याकडे डावीकडून चालत असल्यामुळे ती डाव्या बाजूला थोडी वर चढते, म्हणजे कडेचा माणूस आणि पाटी दिसते. माझ्या गाडीच्या हेडलाइटला कडच नव्हती. उजेड भिंतीवरून वर झाडांच्या शेंड्यांपर्यंत गेला होता. फॉग प्रोजेक्टरला कड होती, चांगली धारदार होती, पण चढ उजवीकडे होता. म्हणजे हा माल उजव्या बाजूने गाड्या चालवणाऱ्या देशांसाठी बनवलेला. आपल्याकडे तो बसवला की चढलेला उजेड थेट समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत जातो. भिंतीवर ती उलटी पायरी मी स्वतः बघितली, फोटो काढले. वास्तविक फॉग लॅम्पला अशी पायरी असायचंच कारण नाही. तो खाली बसवायचा असतो आणि त्याचा उजेड रुंद, चपटा, वरून सरळ कापलेला असावा लागतो.

कड का नव्हती, तेही काकांनी जुना हॅलोजन हातात धरून दाखवलं. एच-४ मध्ये दोन फिलामेंट असतात. डिप्परच्या फिलामेंटखाली पत्र्याची एक छोटी वाटी असते, ती खाली जाणारा उजेड अडवते, म्हणून रिफ्लेक्टरच्या वरच्या भागावरूनच उजेड परतून रस्त्यावर पडतो. सगळा रिफ्लेक्टर त्या एका जागेच्या हिशेबाने घडवलेला असतो. एलईडीची चिप त्या जागेवरून मिलिमीटरभर जरी सरकली किंवा जाड असली तरी हिशेब मोडतो. माझ्या बल्बमध्ये चिप पुढे होती आणि वाटीच्या जागी नुसती पत्र्याची चपटी पट्टी होती. दुकानातल्या बोर्डावर हे कळणं शक्यच नाही. तिथे बल्ब किती डोळ्यांत घुसतो एवढंच दिसतं.

मग वॅटचा हिशेब. वॅट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर. जोडी २०० वॅटची तर एक बल्ब १०० वॅटचा, १२ व्होल्टवर त्याला आठ अँपिअरच्या वर करंट लागणार. काकांनी इंजिन चालू ठेवून मीटर लावला. एका बल्बला १.८ अँपिअर, १३.६ व्होल्टवर. म्हणजे २५ वॅटसुद्धा नाही, जोडीचे पन्नास. लुमेनचंही तेच. कंपनीच्या एच-४ बल्बची मानकातली क्षमता डिप्परला सुमारे १,००० आणि अप्परला १,६५० लुमेन. वीस हजार लुमेन म्हणजे तसल्या दहा गाड्यांचा डिप्पर एका जोडीत. शंभर वॅटच्या एलईडीची उष्णता अंगठ्याएवढ्या पंख्याने निघत नाही. हे भागाकार दुकानात उभं राहून मोबाइलवर करता येतात. जो डब्यावर शेकड्याने वॅट छापतो, त्याच्या बाकीच्या छपाईवर विश्वास ठेवायचं कारण उरत नाही.

"आरटीओ ॲप्रूव्ह्ड" ही तर सरळ थाप. आरटीओ बल्ब तपासून मंजूर करत नाही. वाहनाच्या भागांची मंजुरी पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थांकडून होते. लॅम्पच्या काचेवर वर्तुळात 'ई' आणि आकडा अशी युरोपीय खूण असते, ती काचेतच उठवलेली असते. माझ्या फॉगवर तिचा स्टिकर होता, नखाने निघाला. आणि मंजुरी नसलेला बदल अंगाशी येतो तो मालकाच्या, दुकानाच्या नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे.

पिवळ्या रंगाचं म्हणाल, तर धुक्याचे थेंब इतके मोठे असतात की कुठलाही रंग सारखाच विखुरतो. निळसर पांढऱ्यापेक्षा पिवळा डोळ्यांना कमी टोचतो एवढंच खरं. धुक्यात लाइट किती खाली आहे आणि उजेड वर जातोय का, यावर सगळं अवलंबून असतं.

सगळ्यात भयंकर निघालं ते वायरिंग. बाराशे रुपयांचा रिले बॅटरीशेजारी व्यवस्थित बांधलेला दिसत होता. काकांनी तो उपटला. रिलेला चार पिन असतात: ३० आणि ८७ मधून लाइटचा करंट जातो, ८५ आणि ८६ वर स्विचचा. माझ्या रिलेच्या ८५ आणि ८६ ला वायरच नव्हती. ३० आणि ८७ च्या वायरी मागे एकमेकींना पिळून वर टेप गुंडाळली होती. म्हणजे रिले फक्त दाखवायला. फॉगचा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या नाजूक स्विचमधून जात होता आणि तो स्विच हाताला गरम लागत होता. बॅटरीपासून निघालेल्या वायरीत फ्यूज नव्हता. ती वायर पत्र्याच्या भोकातून रबरी बुश न लावता आत नेलेली, आणि तिचं आवरण कडेला घासून तांबं दिसायला लागलं होतं. तिथे ती पत्र्याला टेकली असती तर मध्ये फ्यूज नसल्याने वायर पेटेपर्यंत काहीच तुटलं नसतं.

एलईडीचा पंखा मावावा म्हणून हेडलाइटमागचं रबरी झाकण कापून टाकलं होतं. आत पाणी जाऊन काचेला वाफ धरलेली. आणि माझे मूळ चालू हॅलोजन बल्ब? ते दुकानातच राहिले होते. मागायला गेले तर "टाकून दिले ताई" असं उत्तर. काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून मागा, तो तुमच्या मालकीचा असतो.

वॉरंटीबद्दल विचारलं तेव्हा दुकानदाराचा सूर बदलला. पाणी गेलेलं चालत नाही, वॉरंटी कंपनीची असते, आमची नसते. कंपनी कोण, तर डब्यावर पत्ताच नाही. माझ्याकडे "लाइट फिटिंग १४,५००" एवढंच लिहिलेली चिठ्ठी. पक्कं बिल मागितलं होतं तर जीएसटी वेगळा पडेल म्हणाला. पक्कं बिल टाळण्यासाठीच दुकानदार असं सांगतात. बिलावर मालाचं नाव, वॅट, वॉरंटीची मुदत आणि जीएसटी नंबर लिहून मिळत नसेल तर तिथून निघा. माझं पेमेंट यूपीआयने होतं, तेवढा तरी पुरावा राहिला.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार केली. त्यानंतर दुकानाने फॉग लॅम्प परत घेऊन साडेपाच हजार दिले आणि बाकीच्यासाठी "दुसरा पीस लावून देतो" म्हणाले. मी नकार दिला. गाडीला आता ६०/५५ वॅटचे साधे हॅलोजनच आहेत, नामांकित कंपनीचे. काकांनी रिले आणि फ्यूज घालून वायरिंग नीट केलं, हेडलाइटचा कोन भिंतीवर बघून बसवला, नवीन रबरी झाकणं लावली. व्होल्टेज पूर्ण पोचायला लागल्यावर तोच बल्ब आधीपेक्षा चांगला उजेड देतो.

उरलेल्या नऊ हजारांसाठी जिल्हा ग्राहक आयोगात जाते आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत अर्ज करता येतो, तोही ऑनलाइन. मीटरचे आणि भिंतीवरच्या उजेडाचे फोटो, यूपीआयची नोंद, निघालेला स्टिकर आणि काकांनी सही करून दिलेला तपासणीचा कागद जोडला आहे. तो रिलेही वायरींसकट तसाच ठेवला आहे. अर्ज याच आठवड्यात दाखल होईल.