पीअर सपोर्ट उपक्रम: अनुभवी सोबत, पण जोडी जुळली तरच

स्वतः कर्करोगाच्या उपचारांतून गेलेली आणि नव्या रुग्णाला सोबत करण्यासाठी थोडे प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती म्हणजे पीअर सपोर्टर. बहिणीच्या स्तनाच्या कर्करोगावर उपचार चालू असताना तिच्या रुग्णालयातील या विनामूल्य सेवेचा आम्ही उपयोग केला, आणि काही उणिवा असूनही ती घ्यावी असेच माझे मत आहे.

या कामाची परंपरा जुनी आहे. अमेरिकेतील टेरीस लॅसर यांनी 1952 मध्ये स्वतःचे स्तन काढण्याची शस्त्रक्रिया झाल्यानंतर अशाच शस्त्रक्रियेतून जाणाऱ्या स्त्रियांना भेटायला सुरुवात केली. त्यातून उभा राहिलेला ‘रीच टू रिकव्हरी’ हा उपक्रम अमेरिकन कॅन्सर सोसायटीने 1969 मध्ये आपल्याकडे घेतला. हात पुन्हा वर कसा न्यायचा, कपडे कसे बसवून घ्यायचे, अशा गोष्टी त्या भेटींत बोलल्या जात, आणि आजही या सेवेचे खरे बळ अशाच तपशिलांत आहे.

आम्हाला प्रथम ज्या स्वयंसेविका मिळाल्या, त्यांचा आजार फार लवकर लक्षात आला होता आणि त्यांना केमोथेरपी घ्यावीच लागली नव्हती. बहिणीला मात्र शस्त्रक्रियेच्या आधीच केमो सुरू होणार होती. बाई मनाने अतिशय चांगल्या होत्या, परंतु तिच्या प्रत्येक प्रश्नावर ‘मन खंबीर ठेवा’ यापलीकडे त्या जाऊ शकत नव्हत्या, आणि हा सल्ला तर न मागताही सगळेच देत असतात. नोंदणीच्या अर्जात फक्त अवयव आणि वय विचारले होते. आजाराची अवस्था आणि उपचारांचा क्रम विचारला असता, तर ही जोडी मुळात लावलीच गेली नसती.

विनंती केल्यावर समन्वयकांनी कुठलीही कुरकुर न करता दुसऱ्या स्वयंसेविका दिल्या, हे मान्य केले पाहिजे. त्यांचे उपचार जवळजवळ याच क्रमाने झाले होते. पहिल्या केमोनंतर साधारण दोन-तीन आठवड्यांत केस गळू लागतात, तेव्हा ते आधीच बारीक कापून घेतले तर उशीवर पुंजके पाहण्याचा त्रास कमी होतो. ताप आला तर सकाळपर्यंत वाट न पाहता लगेच रुग्णालयाला फोन करायचा, त्यामुळे रात्रीचा क्रमांक दाराशी चिकटवून ठेवायचा, असे त्यांनी सांगितले. डॉक्टरांनी तापाबद्दल सांगितले नव्हते असे नाही, पण त्या दिवशी ऐकलेल्या दहा गोष्टींत ते हरवून गेले होते. एक डोस पुढे ढकलता येईल का, असे बहिणीने विचारताच मात्र त्यांनी स्वतःचा दाखला न देता प्रश्न लिहून डॉक्टरांकडे न्यायला सांगितला. प्रशिक्षण कशासाठी असते, ते मला तेव्हा कळले.

माहितीपत्रकातील एक वाक्य मात्र खटकले. आधारगटामुळे आयुष्य वाढते असे त्यात सुचवले आहे. शरीरात पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांबाबत डेव्हिड स्पीगल यांच्या 1989 च्या अभ्यासात तसे दिसले होते, पण 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील मोठ्या चाचणीत आयुर्मान वाढलेले आढळले नाही. मनःस्थिती आणि वेदनेची जाणीव यांत तेवढी सुधारणा दिसली. शिवाय हे गट प्रशिक्षित चिकित्सकांनी चालवलेले होते, त्यामुळे ते निष्कर्ष स्वयंसेवकांच्या सोबतीला सरसकट लावता येत नाहीत. जी सुधारणा दिसली ती पुरेशी मोलाची आहे, मग अवास्तव आशा कशाला दाखवायची?

दुसरी उणीव अधिक गंभीर वाटते. कुणाच्या आजाराने उलट खाल्ली किंवा सोबत केलेला रुग्ण दगावला, तर स्वयंसेविकांनी कुणाशी बोलायचे, याची ठरलेली व्यवस्था तिथे नव्हती. समुपदेशकांची वेळ त्यांना स्वतः मागून घ्यावी लागे. तसेच रुग्णाची काळजी घेणाऱ्या नातेवाइकांसाठी स्वतंत्र सोबती नाहीत. मी विचारले, तेव्हा मला रुग्णांच्याच गटात बसायला सांगितले गेले, आणि माझ्यासमोर त्या बायका मोकळेपणाने बोलेनात, म्हणून मी उठून आले.

नाव नोंदवणाऱ्यांनी आपल्या उपचारांचा क्रम आधीच सांगावा, आणि सूर जुळला नाही तर संकोच न करता व्यक्ती बदलून मागावी.