वर्षाचं कोलेस्टेरॉल पॅकेज: माणसं चांगली, अ‍ॅप धोकादायक

अप्पांच्या अँजिओप्लास्टीनंतर बडोद्यातल्या एका हॉस्पिटलचं वर्षाचं पॅकेज घेतलं. तपासण्या, डाएटिशियन, नर्सचे फोन आणि अ‍ॅप, हे सगळीकडे सारखंच असतं, म्हणून थेट मुद्द्यावर येते.

अ‍ॅपमधला हिरवा रंग. अप्पांचा एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ९२ आला आणि अ‍ॅपने हिरवा दाखवला, कारण त्यात १०० ची मर्यादा घातलेली आहे. ती कमी धोका असलेल्या माणसासाठी. अप्पांसारख्या पेशंटचा एलडीएल ५५ च्या खाली हवा, हे कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४ च्या सूचनांत आहे. युरोपात तर २०१९ पासून. आणि प्रश्न नुसत्या रंगाचा नाही. हिरवा पेशंट नर्सच्या फोनच्या यादीतच येत नाही. अप्पाही निर्धास्त झाले, सेव-उसळ पुन्हा सुरू.

काउंटरवर विचारलं तर म्हणे, लॅबच्या रिपोर्टवरही हेच छापलेलं असतं. अहो, लॅबला पेशंटचा इतिहास माहीत नसतो, तुम्हाला आहे. त्याचेच तर पैसे भरलेत! नुसती तपासणी रावपुऱ्यात कितीतरी स्वस्तात होते. त्या दिवशी मी एकच तारा दिला होता.

तो आता बदलते आहे. डॉक्टरांनी फाईल बघताच स्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या नेहमीच्या गोळीबरोबर इझेटिमाइब ही दुसरी गोळी सुरू केली. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तरी एलडीएल आणखी साधारण ६ टक्केच उतरतो, इझेटिमाइबने २० च्या आसपास, हे त्यांनी अप्पांना कागदावर मांडून दाखवलं. लायपोप्रोटीन-ए (आनुवंशिक धोका दाखवणारी रक्तातली चरबी) आयुष्यात एकदा तरी बघायचं असतं, तेही करून घेतलं. मग पाय दुखतात म्हणून अप्पा गोळी सोडायला निघाले, तेव्हा नर्सबाईंनी फोनवर थांबवलं: "काका, स्वतःहून बंद नका करू, आधी सीपीके बघू." सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झालीय का हे सांगणारी रक्ततपासणी, नॉर्मल निघालं, गोळी चालू राहिली. हा एक फोन मला अख्ख्या अ‍ॅपपेक्षा मोलाचा वाटतो.

दर वेळी बारा तास उपाशी मात्र अजून बोलावतात. ट्रायग्लिसराइड (रक्तातली आणखी एक चरबी) फार वाढलेले नसतील तर उपाशी राहायची गरज नाही, आणि अप्पांना डायबेटिस आहे, इतका वेळ उपाशी राहून साखर उतरू शकते.

आताचा एलडीएल ७१. अजून उतरवायचाय, डॉक्टरही तेच म्हणतात. अ‍ॅपमध्ये तो हिरवाच. मर्यादा पेशंटप्रमाणे बदला, असं लेखी दिलंय. ती बदलल्याशिवाय पुढच्या वर्षाचे पैसे भरणार नाही. तूर्त तीन तारे, ते सगळे डॉक्टर आणि नर्सबाईंचे.