विद्यापीठ आपल्या दारी: रोवणीपासून होळीपर्यंतचा अनुभव

पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्यात आमच्या गावाजवळ विद्यापीठाचा एक परिसर आहे. गावकऱ्यांसाठी तिथं वर्ग चालतात, वाचनालय खुलं आहे, अधूनमधून सांस्कृतिक कार्यक्रम होतात. गेल्या रोवणीच्या, म्हणजे धान लावणीच्या, आधीपासून मी जातो आहे, आता होळी झाली. 'तिथं आपल्यासाठी काय आहे?' असं बरेच जण विचारतात. वनहक्काच्या, म्हणजे जंगलावरच्या गावाच्या हक्काच्या, वर्गासाठी तरी जाच. बाकीचं कमी-जास्त आहे.

हा वर्ग शनिवारी दुपारी भरतो. वनहक्क कायदा २००६चा, गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला २००९ मध्ये, एवढं आमच्याकडे पुष्कळांना माहीत असतं. अडतं ते दावा तयार करताना. शिकवणाऱ्या मॅडमनी भाषण केलं नाही, सामूहिक वनसंपत्तीच्या दाव्याचा कोरा नमुनाच हातात दिला आणि एकेक रकाना भरून घेतला. ग्रामसभेला निम्मे तरी सदस्य हजर हवेत, हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया हव्यात. पुराव्याला जुन्या निस्ताराच्या (जंगलातून सरपण, चराई घेण्याच्या वहिवाटीच्या) नोंदी चालतात, तसा गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही चालतो.

हे शेवटचं ऐकलं आणि आमच्यासोबत आलेले एक आजोबा पुढं सरकून बसले. टेबलावर गावाचा नकाशा पसरला होता. त्यांनी बोट ठेवत ठेवत सांगितलं: ही बोडी (लहान तळं), तिच्या वरच्या अंगाला मोहाची झाडं, मग नाला, नाल्यापलीकडे शेजारच्या गावाची शीव. नकाशात नाल्याला नाव नव्हतं. एका विद्यार्थ्यानं ते विचारून पेन्सिलीनं लिहिलं आणि पुढं जीपीएस घेऊन तो आजोबांच्या मागं मागं जंगल फिरला. एका ठिकाणी हद्दीवरून वाद निघाला, तो मोहफुलं वेचणाऱ्या बायांनी मिटवला. कोणत्या झाडाखाली कोणत्या घरची टोपली असते, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या पाठ आहे. विद्यापीठानं गावाकडून शिकावं आणि गावाला कागद शिकवावा, तो असा. आमचा दावा आता ग्रामसभेपुढे ठेवण्याच्या बेतात आहे. या वर्गाशिवाय आम्ही इथवर आलो नसतो.

बियाण्यांचं प्रदर्शनही मनापासून आवडलं. लोकांनी लुचई, हिरानक्खी, चिन्नोर हे धानाचे घरचे वाण आणून मांडले होते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या बांधीतल्या (धानाच्या शेतातल्या) वेगळ्या लोंब्या निवडून एचएमटी धान तयार केलं, ते कसं, हे तिथं नीट मांडून दाखवलं. आपल्याच भागातल्या शेतकऱ्याचं काम विद्यापीठाच्या भिंतीवर पाहून फार बरं वाटलं.

वाचनालय चांगलं आहे. पोलीस भरती, वनरक्षक, तलाठी परीक्षेची पोरं सकाळपासून जागा धरतात. मुलींना मात्र शेवटच्या एसटीसाठी तिथून लवकर निघावं लागतं.

आता खटकलेलं. दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावोगावच्या जत्रांच्या, दिवसांत विद्यापीठाच्या परिसरातली मंडळी आमच्या गावी आली आणि रात्रभर जागून दंडारीचं, आमच्याकडच्या लोकनाट्याचं, चित्रीकरण करून गेली. काम मेहनतीनं केलं, म्हाताऱ्या गायकांना मानानं बसवलं, गाणी शब्द विचारून लिहून घेतली. पण त्या चित्रीकरणाची प्रत गावाला अजून मिळालेली नाही. विचारलं की 'संपादन चालू आहे' म्हणतात. जी गाणी आता दोघा-तिघांच्याच तोंडी उरली आहेत, ती गावातल्या पोरांच्या मोबाइलवर आधी यायला हवीत, प्रबंधात नंतर. यात मी तडजोड करणार नाही.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. महिलांचं साक्षरता शिबिर ऐन रोवणीत ठेवलं होतं. पऱ्हे (धानाची रोपं) उपटले की रोवणी थांबत नाही. बाया दिवसभर चिखलात, संध्याकाळी कंबर सरळ होत नाही. शिबिर ओस पडलं आणि अहवालात लिहिलं गेलं की प्रतिसाद अल्प. हे वाचून वाईट वाटलं, कारण त्याच बाया मंडई आटोपल्यावर वनहक्काच्या वर्गाला ट्रॅक्टरमध्ये बसून आल्या. २०१६च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमात आजीवन अध्ययन व विस्तार मंडळाची तरतूद आहे. म्हणजे गावात येणं हे विद्यापीठाचं कामच आहे. मग तारखा ठरवताना एकदा ग्रामसभेला विचारायला काय हरकत आहे?

तुम्ही जाणार असाल तर एकटे जाऊ नका. वनहक्क समितीतले दोघे-तिघे, त्यात बाया असाव्यात, आणि सीमा माहीत असलेलं एखादं वयस्क माणूस सोबत न्या. गावाच्या जुन्या नोंदींच्या प्रती जवळ ठेवा, म्हणजे पहिल्याच दिवशी काम सुरू होतं. आणि मे महिन्यात तेंदूपत्त्याची तोडणी लागायच्या आत जाऊन या. तोडणीच्या दिवसांत आमच्या गावातून कुणी येणार नाही, हे मॅडमना सांगून ठेवलं आहे. त्यांनी तारखा त्याप्रमाणे बदलायचं कबूल केलं आहे.