एचआयव्ही आणि गुप्तरोगांची तपासणी कुठे करायची: सरकारी केंद्र, खाजगी लॅब की थेट डॉक्टर?

कोथरूडच्या एका मित्राने गेल्या पावसाळ्यात ऑनलाइन पॅकेज घेऊन घरी सॅम्पल घ्यायला माणूस बोलावला. सातची वेळ ठरली होती. माणूस आला पावणेआठला, आणि दार उघडलं आईने. "व्हिटॅमिन डी बघायचंय," म्हणून वेळ मारून नेली. पण रिपोर्ट गेला वडिलांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर, कारण आदल्या वर्षी त्यांच्या साखरेसाठी त्याच लॅबमध्ये त्यांचाच नंबर दिलेला. रिपोर्ट निगेटिव्ह होता, पण घरात आठवडाभर कोणी कोणाशी धड बोललं नाही.

त्यामुळे 'खाजगी म्हणजे गुपचूप, सरकारी म्हणजे चव्हाट्यावर' हे समीकरण मी तरी आता मानत नाही.

कुठे जायचं ते नंतर, आधी कॅलेंडर बघा. संबंध होऊन ७२ तास उलटले नसतील आणि एचआयव्हीची भीती असेल, तर लॅब शोधत बसू नका. पुण्याच्या ससूनसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयात जाऊन पीईपीबद्दल, म्हणजे संबंधानंतर संसर्ग टाळण्यासाठी घ्यायच्या औषधांबद्दल विचारा. धोका खरा आहे असं डॉक्टरांना वाटलं तर २८ दिवसांच्या गोळ्या सुरू होतात, आणि त्या जितक्या लवकर तितक्या चांगल्या. रविवार असला तर इमर्जन्सीत जा, सोमवारची ओपीडी उघडायची वाट बघू नका.

तो टप्पा टळून गेला असेल तर थोडं थांबावं लागतं. चौथ्या दिवशी केलेली तपासणी निगेटिव्ह आली तर ती तुमच्या आधीच्या आयुष्याबद्दल बोलते, त्या रात्रीबद्दल नाही. शिरेतून रक्त घेऊन लॅबमध्ये केलेली चौथ्या पिढीची, म्हणजे अँटिबॉडीसोबत विषाणूचा अंशही शोधणारी एचआयव्ही तपासणी ४५ दिवसांनंतर भरवशाची. फक्त अँटिबॉडी शोधणाऱ्या झटपट चाचणीला ९० दिवस धरा, सिफिलीसला, म्हणजे जुन्या लोकांच्या भाषेत गरमीला, तेवढेच. परमा (गोनोरिया) आणि क्लॅमिडिया मात्र दोनेक आठवड्यांत सापडतात.

सरकारी बाजूला दोन दारं आहेत. एक आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्र, जिथे एचआयव्हीची तपासणी फुकट होते, आणि दुसरं 'सुरक्षा क्लिनिक', जे बाकीच्या गुप्तरोगांसाठी आहे. ससून, औंधचं जिल्हा रुग्णालय, पिंपरीचं वायसीएम ही पुणेकरांची नेहमीची ठिकाणं. जवळचं केंद्र कोणतं हे १०९७ या मोफत हेल्पलाइनवर विचारता येतं. केसपेपर काढा, बाकावर बसा, अर्धा दिवस गेला असं धरूनच निघा. पण आत गेल्यावर जे मिळतं ते पैसे देऊन मिळत नाही: समुपदेशक. टेबलावर निरोधची पाकिटं, शेजारी लाकडी मॉडेल, आणि समोरची बाई "कंडोम वापरला होता का? फाटला का?" हे "चहा घेतला का?" इतक्या सहज विचारते. पहिल्या दोन मिनिटांत कान तापतात, मग माणूस खरं बोलायला लागतो. निकाल बहुतेकदा त्याच दिवशी कळतो, आणि तो तुमच्या हातात नुसता कागद ठेवून सांगत नाहीत. संमतीशिवाय तपासणी नाही आणि निकाल गुप्त ठेवायचा, हे एचआयव्हीबाबत २०१७ च्या कायद्यातच आहे.

सरकारी बाजू उणी पडते ती लक्षणं नसलेल्या माणसाच्या बाबतीत. सुरक्षा क्लिनिकमध्ये मुख्यतः लक्षणांवरून उपचार होतात. स्राव असेल तर एका रंगाचं औषधांचं किट, जखम असेल तर दुसऱ्या रंगाचं. ही पद्धत स्वस्त आहे, औषध त्याच दिवशी हातात पडतं. पण क्लॅमिडिया पुष्कळदा काहीच जाणवू देत नाही, आणि बायकांमध्ये तो गुपचूप गर्भनलिकांपर्यंत जातो. त्याला लघवीची किंवा स्वॅबची पीसीआर, म्हणजे जंतूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी लागते, आणि तिच्यासाठी बहुधा खाजगी लॅबच गाठावी लागते. खर्च हजारांत जातो.

लॅबला जायचं ठरलं तर आधी एक तासभर लघवी करू नका, आणि डबीत पहिली धार घ्या. नेहमीच्या लघवी-तपासणीसारखी मधली धार इथे चालत नाही. बायकांना लघवीपेक्षा योनीतला स्वॅब जास्त उपयोगी. तोंडाने किंवा गुदमार्गे संबंध झाला असेल तर तिथलाच स्वॅब द्यावा लागतो, घशातला परमा लघवीत दिसत नाही. 'फुल बॉडी एसटीडी' नावाच्या लांबलचक यादीत हर्पिसची आयजीएम ही रक्तातल्या अँटिबॉडीची चाचणी असेल तर ती खुशाल वगळा. ती फसवी आहे, उगाच झोप उडवते. त्या पैशांत हिपॅटायटिस बी बघा, आणि निगेटिव्ह आलात तर लस घेऊन टाका.

फोड, जखम, जळजळ किंवा जांघेत गाठ असेल तर तुलना इथेच संपली. लॅब नको, आधी त्वचा व गुप्तरोगतज्ज्ञ, सरकारी असो वा खाजगी. जखम डोळ्यांनी बघणाऱ्याला जे कळतं ते पॅकेजला कळत नाही, आणि हर्पिसचा स्वॅबही ताज्या फोडातूनच घ्यायचा असतो. 'एका भेटीत खात्री' लिहिलेल्या भिंतीवरच्या जाहिराती बस थांब्यावर वाचायला ठीक आहेत.

मित्राची तपासणी मुळात तिसऱ्याच आठवड्यात झाली होती, म्हणजे एचआयव्हीसाठी अर्धवटच. तीन महिने भरल्यावर तो आयसीटीसीत गेला. तिथे त्याला विचारलं, "जोडीदाराची तपासणी झालीये का?" ती बांधकामाच्या साइटवर नोकरी करते, सकाळी सुट्टी मिळणं कठीण, आणि तिला लक्षणंही काही नव्हती. ती लॅबमध्येच गेली. घरी माणूस न बोलावता, कामावरून येताना, स्वतःचा नंबर देऊन.