अडलेल्या योजनांसाठी रिट्रीट: दोन दिवसांच्या निवासी साधनेविषयी

नोकरीतील बढती, परदेशातील शिक्षण किंवा स्वतःचा व्यवसाय अर्ध्यावर अडकलेल्या श्रद्धावंतांसाठी वसई परिसरातील एका केंद्राने घेतलेल्या निवासी रिट्रीटला मी नुकताच जाऊन आलो. मोबाईल कार्यालयात जमा करायचे, दोघांत एक खोली, सकाळी मिस्सा (चर्चमधील मुख्य उपासना), जेवताना मौन आणि शुल्काऐवजी ऐच्छिक देणगीचे पाकीट, अशी साधी व्यवस्था होती आणि तिच्याविषयी माझी तक्रार नाही.

महत्त्वाकांक्षा म्हणजे अहंकार आणि समाधान म्हणजे स्वस्थ बसणे, अशी सोपी वाटणी प्रवचनकार फादरांनी केली नाही, हे मला सर्वांत आवडले. बायबलमधील फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात ध्येयाकडे धावणारा प्रेषित पौल चौथ्या अध्यायात आहे त्या स्थितीत समाधानी राहायला शिकल्याचे सांगतो, आणि हे दोन्ही तो कैदेतून लिहितो, याकडे त्यांनी लक्ष वेधले.

पहिल्या दिवसाचा बहुतेक वेळ येशूसंघ (जेझुइट) या धर्मसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांच्या अडलेल्या यात्रेला दिला होता आणि तो सार्थकी लागला. 1534 मध्ये पॅरिसच्या माँमार्त्र टेकडीवर त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी जेरुसलेमला जाण्याचे व्रत घेतले, पण जाता आले नाही तर पोपमहाशय सांगतील ते काम करू, अशी तरतूदही त्याच व्रतात ठेवली. 1537 मध्ये व्हेनिस आणि तुर्क यांच्यातील युद्धामुळे यात्रेकरूंचे जहाज सुटलेच नाही. मात्र प्रवासाची वाट पाहत असतानाच ही मंडळी व्हेनिसमधल्या इस्पितळांत रुग्णांची शुश्रूषा करीत होती. योजना मनापासून आखावी, तिच्यावरची मूठ मात्र सैल ठेवावी, हे इतक्या ठोस तपशिलांतून क्वचितच ऐकायला मिळते.

त्रुटी दुसऱ्या दिवशी जाणवली. सांगितलेली प्रत्येक कथा ‘अडले, म्हणून अधिक चांगले घडले’ याच वळणावर संपत होती. जेरुसलेम हुकले आणि येशूसंघ उभा राहिला; भारतात जाण्यासाठी निवडलेले सोबती बोबादिया आजारी पडले म्हणून त्यांच्या जागी फ्रान्सिस झेवियर निघाले आणि 1542 मध्ये गोव्यात पोहोचले. पण हेच झेवियर 1552 च्या डिसेंबरमध्ये चीनच्या किनाऱ्यालगतच्या शांगच्वान बेटावर, मुख्य भूमीवर नेणाऱ्या नावेची वाट पाहत वारले, हे कोणी सांगितले नाही. ज्यांची वये पन्नाशीच्या पुढे आहेत आणि ज्यांची संधी आता खरोखरच गेली आहे, त्यांना या कथेची अधिक गरज होती, कारण पुढे काहीतरी मोठे मिळेल या भरवशावर टिकणारे समाधान ही बहुधा पुढच्या तारखेवर टाकलेली महत्त्वाकांक्षाच असते. (सभागृहात अशी मंडळी थोडीथोडकी नव्हती.)

वैयक्तिक मार्गदर्शनाची वेळही अपुरी पडली. रांग मोठी आणि फादर दोनच, त्यामुळे मन मोकळे होते न होते तोच पुढच्याला बोलावले जाई. दिवसातून दोनदा आत्मपरीक्षण करण्याची पद्धत मात्र नीट शिकवली गेली. वाट पाहण्याच्या काळात आज कोणाची सेवा घडली, हा त्यातील प्रश्न घरी आल्यावरही उपयोगी पडतो आहे.

निर्णयाच्या उंबरठ्यावर असलेल्या तरुणांना ही रिट्रीट मी निःसंकोच सुचवीन. ज्यांचे दुःख जुने आहे, त्यांनी नाव नोंदवण्यापूर्वी स्वतंत्र मार्गदर्शनासाठी वेळ राखून मिळेल का, याची कार्यालयात चौकशी करावी.