योस्ट आइस अरीना, ॲन आर्बर: नवी पोरं बघायची तर ऑक्टोबरातच जा

मुलगा सहा वर्षांचा होता तेव्हापासून पहाटे साडेपाचला त्याची किटबॅग डिकीत टाकून मी मिशिगनमधल्या कितीतरी बर्फाच्या रिंकवर कुडकुडत बसले आहे. आता तो सोळाचा आहे, शाळेच्या संघात डिफेन्सला खेळतो. त्यामुळे मिशिगन विद्यापीठाच्या या रिंकबद्दल लिहितेय ती एका आइस हॉकीपटूची आई, हे आधीच सांगते.

इमारत 1923 ची. विटांच्या भिंती, उंच कमानदार खिडक्या. आधी इथं इतर खेळ चालायचे, 1973 पासून बर्फ आहे. जेमतेम सहा हजार माणसं मावतात, पण बँड सुरू झाला आणि विद्यार्थी ओरडू लागले की शेजारच्याशी बोलायला कानाशी तोंड न्यावं लागतं. मला हा आवाज फार आवडतो.

सगळे मोसमाच्या शेवटच्या चुरशीच्या सामन्यांची तिकिटं शोधतात. मी म्हणेन, ऑक्टोबरात जा. पहिल्या वर्षाची पोरं तेव्हा अजून घडायची असतात, आणि ते घडणं डोळ्यांसमोर दिसतं. रिंकभोवतीच्या काचेला लागून बसू नका. मधल्या रेषेच्या जवळ, थोडं वर बसा. कॉलेज हॉकीत चेहरा पूर्ण झाकणारी जाळी किंवा कवच सक्तीचं, त्यामुळे चेहरे नीट कळत नाहीत. पोरगा ओळखायचा तो पक (खेळातली रबरी चकती) त्याच्याकडे नसताना काय करतो त्यावरून. आम्ही गेलो त्या संध्याकाळी पहिल्या वर्षाच्या एकानं निळ्या रेषेवर हौसेनं एक जास्तीचा डाव टाकला आणि पक घालवला. पण मान खाली न घालता तो जीव तोडून मागे धावला, स्टिक बर्फाला टेकवून पासची वाट अडवली. बेंचवर प्रशिक्षक त्याच्याशी दोन वाक्यं बोलले आणि पुढच्याच पाळीला (शिफ्टला) त्याला परत पाठवलं. माझ्या मुलानं माझा हात घट्ट धरला होता. तो नेहमी हेच विचारतो, चुकल्यावर पुन्हा संधी मिळते का?

या पोरांकडून विजेतेपदाची आशा मलाही खूप आहे, पण इथल्या लोकांनी ती आधीही बाळगली आहे. एनएचएल या व्यावसायिक लीगच्या 2021 च्या ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा) निवडलेल्या पहिल्या पाचांपैकी चौघे 2021-22 मध्ये याच संघात होते: ओवेन पॉवर, मॅटी बेनियर्स, केंट जॉन्सन आणि पहिल्या वर्षाचा ल्यूक ह्यूज. राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेच्या उपांत्य फेरीत डेन्व्हर विद्यापीठानं जादा वेळेत 3-2 नं हरवलं. पुढच्या वर्षी ॲडम फँटिलीनं पहिल्याच मोसमात 36 सामन्यांत 65 गुण (गोल आणि गोलला दिलेले पास मिळून) केले, कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूचा होबी बेकर पुरस्कार घेतला, आणि संघ पुन्हा उपांत्य फेरीतच थांबला, क्विनिपियॅक विद्यापीठापुढे. पहिल्या वर्षात होबी बेकर मिळवलेल्या कारिया, आयकेल, फँटिली आणि सेलेब्रिनी या चौघांत त्याच वर्षी विजेतेपदही मिळालं ते फक्त पॉल कारियाला, 1993 मध्ये मेन विद्यापीठाकडून. समोर तेवीस-चोवीस वर्षांचे गडी असतात. रिंकच्या कडेच्या भिंतीला (बोर्डाला) दाबून धरलं की अठराच्या पोराचं कसब तिथंच अडकतं. मिशिगनचं शेवटचं विजेतेपद 1998 चं आहे.

तरी यंदा गोष्ट वेगळी वाटते. 1 ऑगस्ट 2025 पासून कॅनडाच्या मेजर ज्युनियर लीगमधल्या खेळाडूंनाही अमेरिकन कॉलेजांत खेळता येतं. म्हणजे त्या लीगमधल्या ईरी संघाकडून खेळलेला माल्कम स्पेन्स किंवा ब्रॅम्प्टनचा गोलरक्षक जॅक इव्हानकोविच हे 68 सामन्यांच्या लीगमध्ये घासून आलेले आहेत. इव्हानकोविचवर माझी खास नजर आहे. आजकालच्या गोलरक्षकांच्या मानानं तो बुटका, त्यामुळे सगळी मदार पायांवर. सामन्याआधीच्या सरावाला वेळेत पोचा आणि या गोलरक्षकांचे पाय बघा. दुसरीकडे, आमच्या भागातल्या ज्युनियर संघांतून वर येणाऱ्या पोरांच्या जागा यामुळे कमी होतील, याचं मला वाईट वाटतं. मुलाचा एक जुना सोबती अजून कॉलेजच्या फोनची वाट बघतोय.

व्यवहाराचं थोडं: एका तिकीट ॲपनं अगदी शेवटच्या पानावर भलतंच शुल्क चढवलं, तेव्हा पैसे भरण्याआधी एकूण आकडा बघा. आत गार असतं, बाहेर कितीही ऊन असो, जाड मोजे घाला.

पाच तारे. पुढच्या वेळी शुक्रवार आणि शनिवार, दोन्ही दिवसांची तिकिटं घेणार आहे. त्याच प्रतिस्पर्ध्याशी दुसऱ्या दिवशी पुन्हा सामना असतो, आणि निळ्या रेषेवर पक घालवलेल्या त्या पोराला शनिवारी बघायचं आमचं राहून गेलं.